शिक्षा स्थगित झाली म्हणजे दोष पुसला जात नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या माहेरचं वावर भिवापूर तालुक्यात आहे. २०१९ मध्ये धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, चुलतकाकांशी मारामारी झाली आणि काकांचा हात मोडला. वडील आणि धाकटा भाऊ, दोघांनाही न्यायदंडाधिकाऱ्यांनी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२५ (जबर दुखापत) सह ३४ (समान उद्देश) खाली दोषी धरलं आणि प्रत्येकी एक वर्ष सश्रम कारावास व पाच हजार रुपये दंड ठोठावला. नागपूरच्या सत्र न्यायालयात अपील झालं, शिक्षा स्थगित झाली, दोघे जामिनावर घरी आले. वकिलांनी "आता काळजी नको" म्हणून सांगितलं. आता मात्र वडिलांच्या ग्रामपंचायत सदस्यत्वावर जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आली आहे, भावाचा तलाठी भरतीचा अर्ज अडेल अशी भीती आहे आणि आखातातल्या नोकरीसाठी त्याला पासपोर्टही हवा आहे. शिक्षा स्थगित आहे, मग हे सगळं कशाला, असं तुम्ही विचारलंय. तुमची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे, तिच्यावरही काही येईल का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

सत्र न्यायालयाच्या आदेशाची नक्कल घरी असेल तर समोर घेऊन बसा. शेवटच्या परिच्छेदात बहुधा असं काहीतरी लिहिलेलं असेल: अपील निकाली निघेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी स्थगित करण्यात येत आहे, अपीलकर्त्यांना अमुक रकमेच्या जातमुचलक्यावर आणि जामीनदारावर मुक्त करावं. यातला 'शिक्षेची अंमलबजावणी' हा शब्दप्रयोग नीट वाचा. कोर्टानं इतकंच म्हटलंय की आज यांना तुरुंगात पाठवू नका. हे दोघे दोषी आहेत हा खालच्या कोर्टाचा निष्कर्ष जागच्या जागी आहे. ग्रामपंचायत कायदा, सेवानियम, पासपोर्ट कायदा, कंपनी कायदा हे सगळे त्या निष्कर्षाकडे आणि सुनावलेल्या मुदतीकडे बघतात. माणूस तुरुंगात आहे की घरी, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या त्या निष्कर्षालाच, स्थगिती ही वेगळी मागणी आहे. ती वेगळी मागावी लागते आणि फार जपून दिली जाते. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये रमा नारंग प्रकरणात सांगितलं की अपील न्यायालयाला तसा अधिकार आहे, पण दोषसिद्धीमुळे नेमकी कोणती हानी होणार हे अर्जदारानं कोर्टापुढे स्पष्ट ठेवलं पाहिजे. २००७ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांच्या प्रकरणात तेच पुन्हा अधोरेखित झालं. नुसतं "बदनामी होते" म्हणून भागत नाही. भ्रष्टाचाराच्या खटल्यात तर ही स्थगिती सहसा मिळतच नाही.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. सावनेरचे तेव्हाचे आमदार सुनील केदार यांना नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात २२ डिसेंबर २०२३ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगोलग आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांची शिक्षा स्थगित करून जामीन दिला. दोषसिद्धीला मात्र स्थगिती मिळाली नाही, आणि त्याच वर्षीची विधानसभा निवडणूक त्यांना लढवता आली नाही. राहुल गांधी यांच्या बाबतीत उलट घडलं. मार्च २०२३ मध्ये सुरतच्या कोर्टानं दोन वर्षांची शिक्षा दिली, खासदारकी गेली. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धीच स्थगित केली आणि तीन दिवसांत सदस्यत्व परत मिळालं. शिक्षा एका दिवसानं जरी कमी असती तरी ही अपात्रता आली नसती, याची नोंद त्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं केली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८(३) मध्ये मर्यादा दोन वर्षांची आहे, आणि अपात्रता सुटकेनंतर सहा वर्षं राहते. अपील केलं की आमदार-खासदारांना मिळणारं संरक्षण लिली थॉमस प्रकरणात १० जुलै २०१३ रोजी रद्द झालं.

आता वडिलांकडे येऊ. ग्रामपंचायतीची मर्यादा याहून बरीच खाली आहे आणि हे गावातल्या पुढाऱ्यांनाही माहीत नसतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम १४ म्हणतं की कोणत्याही गुन्ह्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त कारावास झाला असेल तर सुटकेनंतर पाच वर्षं उलटेपर्यंत सदस्य होता येत नाही आणि राहताही येत नाही. वडिलांना एक वर्ष झालंय, म्हणजे ते या कलमात सरळ बसतात. कलम १६ प्रमाणे निर्णय जिल्हाधिकारी देतात. त्या नोटिशीला उत्तर देताना "शिक्षा स्थगित आहे" एवढ्यावर विसंबू नका, ते टिकणार नाही. सत्र न्यायालयात दोषसिद्धीच्या स्थगितीचा अर्ज द्या, सोबत जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस जोडा, वडिलांची निवड कधी झाली आणि मुदत कधी संपते ते लिहा. आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे त्या अर्जाची प्रत देऊन मुदत मागा. खरं सांगायचं तर सदस्यपद वाचवायला फक्त या अर्जावर भिस्त ठेवू नये.

कारण तुमच्या प्रकरणात याहून भक्कम वाट आहे आणि ती अजून कोणी चोखाळलेली दिसत नाही. कलम ३२५ तडजोडपात्र आहे. अपील चालू असतानाही, अपील न्यायालयाच्या परवानगीनं, जखमी झालेली व्यक्ती समेट करू शकते. असा समेट कोर्टानं नोंदवून घेतला की त्याचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो. दोषसिद्धीच उरत नाही, त्यामुळे तिला लटकलेल्या अपात्रताही उरत नाहीत. काका तयार आहेत का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कोर्टात नाही, गावात मिळेल. धुऱ्याचा वाद फौजदारी निकालानं मिटलेला नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या, खुणा दोन्ही घरांसमोर रोवून घ्या, काकांच्या औषधपाण्याचा खर्च मोकळ्या मनानं द्या. मग तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल करा. काकांना स्वतः कोर्टासमोर उभं राहून "मी माझ्या मर्जीनं समेट करतो आहे" असं सांगावं लागेल. त्यांच्यावर दबाव आणू नका, गावातल्या चार माणसांना पुढे करून दमदाटी तर अजिबात नको. एक तर ते चुकीचं आहे, आणि कोर्टानं विचारल्यावर काका तसं म्हणाले तर सगळंच हातचं जाईल. पण आधी निकालपत्र पुन्हा तपासा. ३२५ सोबत ३२४ किंवा ३२६ लागलं असेल तर ती कलमं तडजोडपात्र नाहीत, मग उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराखाली नागपूर खंडपीठात जावं लागेल. खाजगी स्वरूपाच्या वादात समेट झाला असेल तर दोषसिद्धीनंतरही उच्च न्यायालय कार्यवाही रद्द करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रामगोपाल प्रकरणात सांगितलं आहे.

काका ऐकतच नसतील तर दुसरी वाट परिवीक्षेची, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ या कायद्याबद्दल मला फार तळमळीनं सांगावंसं वाटतं, कारण तो आहे आणि मागितला जात नाही. खालच्या कोर्टात दोषी धरल्यावर न्यायाधीश आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल काय म्हणायचं आहे? त्या वेळी आरोपी हात जोडून म्हणतो, "साहेब, गरीब माणूस आहे, दया करा." वकीलही तेवढंच म्हणतात आणि प्रकरण दहा मिनिटांत संपतं. त्या दहा मिनिटांत पुढची कित्येक वर्षं ठरतात. तिथे कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची मागणी करायची असते: पहिलाच गुन्हा, शेती हा व्यवसाय, घरची जबाबदारी, गावातली वागणूक, जखमीला भरपाई देण्याची तयारी. जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवा अशी विनंती करायची असते. परिवीक्षा देता येत असूनही दिली नाही तर त्याची खास कारणं निकालपत्रात लिहिणं कोर्टावर बंधनकारक आहे. तुमच्या निकालपत्रात ती कारणं आहेत का, बघा. नसतील तर अपिलात हा चांगला मुद्दा आहे, कारण कलम ११ प्रमाणे परिवीक्षेचा आदेश अपील न्यायालयही देऊ शकतं.

या कायद्याचं कलम १२ सर्वांत मोलाचं. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे कायद्यानं येणारी अपात्रता भोगावी लागत नाही. वडिलांच्या सदस्यत्वासाठी हेच कामाला येईल. मात्र याची मर्यादा नीट समजून घ्या. दोषी ठरल्याची नोंद यानं पुसली जात नाही. आणि सरकारी कर्मचारी असेल तर ज्या वर्तनामुळे तो दोषी ठरला त्या वर्तनासाठी विभाग त्याला बडतर्फ करू शकतो. कलम १२ त्याआड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात स्पष्ट केलंय.

भाऊ घटनेच्या वेळी वीस वर्षांचा होता, म्हणून परिवीक्षा कायद्यातलं एकवीसच्या आतल्यांसाठीचं कलम ६ लागेल, असं तुम्हाला कोणी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ते लागणार नाही. तिथे वय कोर्टाच्या निकालाच्या वेळचं धरतात. घटनेच्या तारखेचं वय बघितलं जातं ते बाल न्याय कायद्यात. घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर तो मुद्दा कधीही, अगदी अंतिम निकालानंतरही काढता येतो, आणि तिथे कलम २४ प्रमाणे कोणतीही अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरच्या मुलाचा निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालला असेल, तो अपवाद. प्रौढांची नोंद पुसून टाकण्याची अशी सर्वसाधारण सोय आपल्याकडे नाही.

भावाची तलाठी भरती. साक्षांकन नमुन्यात रकाना असतो: अटक झाली होती का, खटला चालला का, दोषी ठरलात का. तिथे सगळं खरं लिहायचं. खटला क्रमांक, कोर्ट, कलम, शिक्षा, अपिलाचा क्रमांक, स्थगितीची तारीख, सोबत नक्कल. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याची पूर्ण चौकट घालून दिली. माहिती खरी हवी. लपवलेलं प्रकरण किरकोळ असेल तर नियोक्ता ते पोटात घालू शकतो, गंभीर असेल तर नेमणूक रद्द होऊ शकते. आणि सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं बंधन नाही. म्हणजे ३२५ ची दोषसिद्धी उभी असताना त्याला नेमणूक मिळणं कठीण आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. उद्या समेटानं तो सुटला तरीही रकान्यात खटला झाल्याचं लिहावंच लागेल, फक्त पुढे 'निर्दोष मुक्तता' लिहिता येईल. गावात कोणी सांगेल की पोलीस पडताळणीत "मॅनेज" होतं. तसल्या सल्ल्यानं मिळालेली नोकरी दहा वर्षांनी गेलेली मी पाहिली आहे. तेव्हा वयही निघून गेलेलं असतं.

जे आधीच सरकारी नोकरीत आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११(२) च्या परंतुकानुसार दोषी ठरलेल्या कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीशिवाय काढता येतं, आणि अपील प्रलंबित आहे म्हणून विभागाला थांबावं लागत नाही. निवृत्तांनाही हे लागू पडतं. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधला नियम २६ सांगतो की पेन्शन चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मिळतं. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरल्यास ते रोखता येतं.

पासपोर्टबाबत बातमी चांगली आहे. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(ई) मध्ये नकार द्यायला दोन गोष्टी एकत्र लागतात: अर्जाआधीच्या पाच वर्षांत नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात दोषसिद्धी, आणि किमान दोन वर्षांची शिक्षा. भावाची शिक्षा एक वर्षाची आहे. अपील प्रलंबित असणं हे कारण दाखवून नूतनीकरण नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं, आणि त्या प्रकरणातली शिक्षाही एक वर्षाचीच होती. तरी पोलीस अहवाल प्रतिकूल येईल, पासपोर्ट कार्यालयाचं पत्र येईल. घाबरून न जाता निकालाची आणि स्थगितीची नक्कल जोडून उत्तर द्यायचं. अर्जात खोटं लिहिलं तर तोच एक नवा गुन्हा होतो, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. आणि जामिनाच्या अटींमध्ये देश सोडण्यापूर्वी कोर्टाची परवानगी घ्यायची अट आहे का तेही बघा. आखातातल्या मालकाला पोलिसांचा दाखला लागतो, तिथे हे प्रकरण दिसेल. त्याला इलाज नाही.

बाकीचे परिणाम भराभर सांगतो. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात कैद झाली असेल तर शिक्षा संपल्यावर पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. सहा महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्याला पाच वर्षं कंपनीचा संचालक होता येत नाही, सात वर्षं किंवा जास्त असेल तर कधीच नाही. ज्याच्या मालमत्तेचा वारसा मिळणार त्याचाच खून करणाऱ्याला हिंदू उत्तराधिकार कायदा वारस मानत नाही. मारामारीत दोषी ठरल्यानं मात्र सातबाऱ्यावरचं नाव जात नाही, वाटणीचा हक्क जात नाही, रेशन कार्ड आणि बँक खातं जात नाही. मतदानाचा हक्कही राहतो. तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, एवढंच. निवडणुकीतल्या काही गुन्ह्यांना वेगळा नियम आहे.

आता ज्यांचा खटला अजून संपलेला नाही त्यांच्यासाठी, कारण तिथे वाचवण्यासारखं जास्त असतं. पोळ्याच्या आसपास आपल्याकडे पत्त्यांच्या डावावर धाडी पडतात. पकडलेल्या पोरांना कोणीतरी सांगतं, "कबूल करून टाक, दंड भर, तारखा वाचतील." वर्धा-गडचिरोलीत दारूबंदीच्या केसमध्ये तेच. पोरगा कबूल करतो, दंड भरतो, कामावर जातो. पण कबुलीनंतरचा दंड हीसुद्धा दोषसिद्धीच. ग्रामपंचायत कायद्यात तर दारूबंदी कायद्याखालच्या दोषसिद्धीला कैदेचीही गरज नाही, नुसत्या दंडावर पाच वर्षं निवडणूक लढवता येत नाही. कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपीलही फक्त शिक्षेचं प्रमाण आणि तिची वैधता यापुरतंच उरतं. हरियाणातल्या एका कर्मचाऱ्याची नोकरी दंड संहितेच्या कलम २९४ (अश्लील कृत्य) खालच्या वीस रुपयांच्या दंडामुळे गेली होती. ती परत मिळायला त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. १९९६ च्या त्या निकालात न्यायालयानं संसदेला सुचवलं की दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाच्या किरकोळ दोषसिद्धीमुळे सरकारी नोकरीला बाधा येऊ नये. असा सर्वसाधारण कायदा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं, कारण अशा कबुल्यांमागे बहुतेकदा अपराधापेक्षा तारखांचा कंटाळा आणि बुडणारी मजुरी असते. ज्याला वकील परवडत नाही त्यानं कबुली देण्याआधी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावं. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कोठडीतले आरोपी आणि उत्पन्न मर्यादेतले लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो.

आणि दोषी ठरल्यावर अपिलाची मुदत सत्र न्यायालयासाठी तीस दिवस, उच्च न्यायालयासाठी साठ दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, पण तिथवर जाऊ देऊ नका.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर निश्चिंत राहा. चारित्र्य पडताळणी अर्जदाराची होते, मामाची किंवा आजोबांची नाही. तिच्यावर स्वतःवर गुन्हा नसेल तर तिनं नमुन्यात 'नाही' लिहावं, ते शंभर टक्के खरं आहे. तुम्ही मात्र अपिलाच्या पुढच्या तारखेआधी काकांच्या घरी जाऊन या. वडील किंवा भाऊ नको, तुम्ही जा. जामिनाच्या अटीत फिर्यादीशी संपर्क करू नये असं असेल तर त्या दोघांनी जाणं अंगलट येईल, आणि तसंही पहिला शब्द तुम्ही टाकलेला बरा.